पाठमोऱ्या माणसासाठी झूम लेन्स

आमच्या सासरच्या पुरुषांना झूम लेन्स आणि दुधीभोपळा यांतला फरक कधी कळला नाही. दोन्ही हातात घेऊन तोलायचं, लांबी बघायची आणि म्हणायचं, "हा बरा दिसतोय." ऐंशीच्या दशकातल्या एका थंडीत आमच्या घरात लेन्सवर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळूनही झाली नव्हती. आणि चर्चा करणाऱ्यांपैकी एकानेही त्याआधी कॅमेऱ्याला डोळा लावलेला नव्हता.

मी लावत होते, रोजच. रत्नागिरीत बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर नाव नवऱ्याचं, गल्ल्यावर बसून गप्पा मारायचं काम नवऱ्याचं, आणि फोटो काढून, काळोख्या खोलीत धुऊन, वाळवून, कडा कापून द्यायचं काम माझं. माझ्या वडिलांचा चिपळुणात स्टुडिओ होता, त्यामुळे हे मला माहेरूनच येत होतं. खाडीकाठच्या मुसलमान घरांतून लग्नाला बाई फोटोग्राफर लागायची, कारण आतल्या खोलीत नवरीपाशी पुरुषाला कोण जाऊ देणार? तेव्हा दाभोळपासून जयगडपर्यंत मला बोलावणी यायची. सासरी मात्र माझी ओळख एवढीच होती की सून स्टुडिओत बसते.

चर्चेचं कारण माझे सासरे. आमचं गाव शहरापासून एस.टी.नं तासादीड तासावर, आत डोंगरात. तिथे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि गावाच्या मधल्या दगडी चौथऱ्यावर, सहाणेवर, येऊन बसते. मग संध्याकाळी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गावातला मानाचा माणूस पालखीपुढे उभा राहून सगळ्या गावासाठी मोठ्यानं देवाची विनवणी करतो, आणि प्रत्येक मागणीनंतर मागे उभे असलेले पुरुष एका आवाजात म्हणतात, "होय महाराजा!" हा मान आमच्या घरात. सासऱ्यांनी तो ऐन तारुण्यात वडिलांकडून घेतला होता आणि आता त्यांना दम लागू लागला म्हणून ते तो मोठ्या मुलाला, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना देणार होते. त्यांचं हे शेवटचं गाऱ्हाणं.

थोरले दीर मुंबईत एका कचेरीत होते. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. चार दिवस सुट्टीवर आले की ते आंब्याला मोहर का गळतो हे बापाला सांगत, आणि चटणीत खोबरं किती घालावं हे आईला. मकरसंक्रांतीला आले तेव्हा त्यांनी पडवीत बसून जाहीर केलं, "बाबांचा ह्या वर्षी गाऱ्हाणं घालताना फोटो झाला पाहिजे. जवळून. माझ्या खोलीत लावणार, एक देवळातपण देणार. भावकीच्या डोळ्यांपुढे राहिला पाहिजे, मान कुणाचा आहे तो."

जवळून फोटो काढायचा, तर जवळ जाता येत नव्हतं. पूर्वी एकदा कुणीतरी पालखीपाशी जाऊन फ्लॅश मारला होता, तेव्हा अंगात देवाचं वारं आलेला माणूस घाबरून कोसळला. तेव्हापासून गावकीनं ठरवून टाकलं होतं की कॅमेरा सहाणेजवळ येणार नाही. तो लांब शेताच्या बांधावर, बायका उभ्या राहतात त्यांच्याही मागे. शिवाय नवरा मानकऱ्याचा मुलगा, म्हणून त्यानं त्या वेळी बापाच्या मागे हात जोडून उभं राहायचं. म्हणजे कॅमेरा मीच धरणार हे कुणी न सांगता ठरलं, आणि म्हणूनच बहुधा मला कुणी काही विचारलं नाही.

"झूम पायजे," दीर म्हणाले.

"हो, झूम पायजेच," माझे यजमान म्हणाले. भावाच्या प्रत्येक वाक्याला त्यांचं असं एक वाक्य असे. गाऱ्हाण्याची सवय, दुसरं काय.

मग कुठला झूम यावर दोघांनी तोंडाची वाफ दवडली. दिरांच्या कचेरीतल्या एका मित्राकडे म्हणे असा झूम होता, की चौपाटीवरून जहाजावरच्या खलाशाच्या दाढीचे केस मोजता येत. सासरे झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी तांब्या जमिनीवर आपटला. याचा अर्थ पाणी. आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात घरात कधी काही मागितलं नाही. तांब्या आपटला की पाणी, ताट पुढे सरकवलं की भात, खाकरले की सासूबाईंनी माजघरातून उठून यायचं. हाक मारायला बायकोला नाव असतं हेही त्यांना बहुधा ठाऊक नसावं. मला त्यांचा राग येई, आणि राग ओसरला की किळस येई. सासूबाई मात्र पाणी घेऊन आल्या आणि तिथेच दाराशी थबकल्या.

रात्रीच्या भाकऱ्या थापताना त्या मला हळूच म्हणाल्या, "तू काडणारैस तो फोटू, त्यात तोंड दिसंल न्हवं?"

"कुणाचं?"

"ह्यांचं गो. दुसऱ्या कोनाचं?"

मला आधी काही कळेना. मग त्या भाकरी उलटत बोलत राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून दर शिमग्याला त्या बांधावर उभ्या राहिल्या होत्या. बायकांनी पुढे जायचं नाही. वाऱ्यानं शब्द पोचत नसत, पोचायचं ते फक्त "होय महाराजा". पण गावातले म्हातारे म्हणत, की हा माणूस गाऱ्हाणं घालतो तेव्हा त्याचं तोंड बघावं, पोराबाळांसाठी देवापुढं असा मागतो की दगडाला पाझर फुटेल. "सगल्यांनी बगितलाय," सासूबाई म्हणाल्या, "माज्याखेरीज. ह्या वर्साला ऱ्हायलं तर ऱ्हायलंच. येक फोटू दे. पेटीत ठेवीन, कोनाला दावायची नाय."

आमच्या घरात लेन्स कशासाठी हवी आहे हे नेमकं सांगणारं माणूस ते एवढंच भेटलं. शिमग्यात स्टुडिओ सोडून मी कधी बांधावर उभी राहिले नव्हते, तेव्हा मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, कारण या बाईनं माझ्याकडे आजवर दुसरं काही मागितलं नव्हतं.

शिमग्याच्या आधी थोडे दिवस दीर मुंबईहून आले ते मित्राची लेन्स घेऊनच. केवढी म्हणून सांगू! शंभर ते पाचशे मिलिमीटर. चामड्याच्या नळकांड्यातून त्यांनी ती अशी बाहेर काढली, की घरात तलवारच निघाली म्हणावं. सासऱ्यांनी तोलली, नवऱ्यानं तोलली, शेजारचे दोघं येऊन तोलून गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी ती हातात घेऊन पुढची काच बघितली आणि म्हटलं, "भावजी, लांबीला आहे, पण हिचं तोंड बारीक आहे. उजेडच आत घेत नाही. गाऱ्हाणं दिवस मावळताना असतं. हिच्यातून काळोख तेवढा मोठा दिसेल."

"मुंबईत सगळे हीच वापरतात," दीर म्हणाले.

"मुंबईत सगळे दुपारी वापरत असतील."

नवऱ्यानं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी लेन्स कॅमेऱ्याला लावली, तिकाटणं उचललं आणि शेताच्या बांधावर गेले. मागोमाग सगळी पुरुषमंडळी आली. ठरलेल्या जागी मी कॅमेरा उभा केला आणि म्हटलं, "भावजी, तुम्ही गाऱ्हाण्याला बाबा उभे राहतात तिथे जाऊन उभे राहा."

दीर ऐटीत चालत गेले आणि सहाणेपुढे उभे राहिले. मी डोळा लावला आणि मला हसू आवरेना.

सहाणेवर पालखी बसते ती पूर्वेला, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला. गाऱ्हाणं घालणारा पालखीकडे तोंड करून उभा राहतो. म्हणजे गावाकडे, बांधाकडे, कॅमेऱ्याकडे त्याची पाठ. अख्खी थंडी ज्यांनी लेन्सवर अक्कल पाजळली, त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. कसं येणार? ते जन्मापासून सहाणेच्या बाजूला, बापाच्या कडेला उभे राहत आले होते. आपल्याला दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं, अशी त्यांची खात्री. बांधावरून जग कसं दिसतं हे बघायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. बायका तिथं उभ्या राहत, आणि बायकांना कोण विचारतंय?

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमच्या भावाच्या सदऱ्याला मागे इस्त्री नाही," मी म्हटलं. "एवढं स्पष्ट दिसतंय. लेन्स चांगली आहे."

मग प्रत्येकानं डोळा लावून खात्री करून घेतली. दीर परत आले, त्यांना सांगितलं गेलं. ते म्हणाले, "पाठ तर पाठ. बाबांची पाठ ओळखता येते. आणि उजवीकडे मी अर्धा वळून उभा राहीन, म्हणजे एक तोंड तरी येईल."

मी बरंच ऐकून घेतलेलं आहे, पण असलं नाही. बापाच्या शेवटच्या गाऱ्हाण्याच्या फोटोत तोंड कुणाचं, तर मुलाचं! मी सांगून टाकलं, असल्या फोटोला मी हात लावणार नाही. दिरांना तेवढंच हवं होतं. "काही अडत नाही," ते म्हणाले, "माझा मित्र शिमग्याला येतोच आहे, त्याचा कॅमेरा, त्याची लेन्स, तोच काढील. तुम्ही बायकांत उभ्या राहा." यजमान म्हणाले, "हो, तेच बरं."

सासूबाईंनी हे सगळं पडवीतून ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या आणि पाखडून झालेले तांदूळ परत पाखडत होत्या.

"आई," मी म्हटलं, "तोंड दिसायचं तर पालखीच्या मागून बघायला हवं. वहाळाच्या पलीकडून."

त्यांचं सूप थांबलं. वहाळापलीकडची काजूची टेकडी भावकीची. भावकी म्हणजे सासऱ्यांच्या चुलतभावाचं घर. त्यांच्या आणि आमच्या घरात एका गडग्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणावरून, कोर्टात दावा चालू होता. गडगा हातभर सरकला होता की नव्हता, हे दोन्ही बाप गेले तरी ठरलं नव्हतं. आमचा पुरुष त्यांच्या जमिनीत पाऊल ठेवत नसे, त्यांचा आमच्या. वहाळ रुंद नव्हताच, उन्हाळ्यात तर पाय न भिजवता ओलांडता यायचा. पण तो ओलांडून फोटो काढावा हे कुणाही पुरुषाला सुचणं शक्य नव्हतं. त्यांना मुंबईहून पाचशेची लेन्स आणणं सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पाण्याला गेल्या त्या उशिरा आल्या. विहिरीवर त्यांची ती भावकीतली जाऊ भेटली होती. पुरुष कोर्टात भांडत होते, तेव्हा ह्या दोघी विहिरीवर रोज बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"ती म्हंते, ये," सासूबाई म्हणाल्या. "काजीच्या झाडांत उब्या ऱ्हावा म्हंते. कोन काय बोलला तर माज्याकडं धाडा, मी बगतंय त्याला."

आता मला माझी लेन्स हवी होती. शहरात परत आल्यावर मी खाडीकाठच्या एका गिऱ्हाईक बाईकडे गेले. तिच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. नवरा आखातात नोकरीला, दर खेपेला काहीतरी यंत्र घेऊन येणारा. त्याच्याकडे ऐंशी ते दोनशेचा एक झूम होता हे मला आठवत होतं. आखूड, जाडजूड, पण पुढची काच चांगली मोठी.

"ने गो," ती म्हणाली, "कपाटात पडून हाय. तो येतो नि झोपतो, फोटो कसले काडतो?"

मी ती दारात उभं राहून खाडीकडे वळवून बघितली. संध्याकाळ कलली होती, तरी होड्यांवरची माणसं स्वच्छ दिसत होती. दोनशेच्या पुढे जात नव्हती, पण मला पुढे जायचंच नव्हतं. मला फक्त वहाळ ओलांडायचा होता. घरी नवऱ्यानं ती पाहिली आणि म्हणाला, "केवढीशी आहे." भोपळ्याच्या बाजारात बोलून उपयोग नसतो.

शिमग्याच्या त्या संध्याकाळी बायका बांधाकडे निघाल्या तेव्हा सासूबाई मागे राहिल्या. आम्ही दोघी गोठ्यामागून उतरलो, वहाळातल्या दगडांवर पाय देत पलीकडे गेलो आणि काजूच्या बागेत शिरलो. काजूच्या बोंडांचा वास सुटला होता. सासूबाईंनी लुगडं खोचून घेतलं होतं आणि त्या माझ्यापुढे चालत होत्या. टेकडीवर एक उघडी जागा सापडली. समोर खाली सहाण, पालखीची मागची बाजू, आणि पालखीच्या पलीकडे उभी राहिलेली सगळी पुरुषांची फौज, तोंडं आमच्याकडे. पार मागे बांधावर, कॅमेऱ्यावर ओणवा झालेला दिरांचा मित्र, लांबलचक लेन्स रोखून.

मी तिकाटणं ठोकलं, कॅमेरा बसवला, खटक्याला दाबायची तार लावली. सूर्य गावामागे गेला होता आणि सासऱ्यांचं तोंड सावलीत होतं. माझ्या मोठ्या काचेनं ते तरीही उचललं. मी लेन्सची कडी फिरवून चेहरा स्पष्ट केला. आणि मग मीच दचकले.

हा माणूस मी ओळखत नव्हते. हात जोडलेले, मान एका बाजूला कललेली, आणि तोंडावर एवढं आर्जव, की बघताना आपल्यालाच संकोच वाटावा. ते गुरांसाठी मागत होते. मुंबईला गेलेल्या पोरांसाठी मागत होते. "घरातल्या लेकी-सुनांस्नी सुकात ठेव," असं काहीतरी वाऱ्यावरून आलं आणि त्यांचे ओठ थरथरताना मला दिसले. होय महाराजा, सगळे गरजले.

"बघा," मी सासूबाईंना म्हटलं. "एकदाच बघा, मग मी फोटो काढते. हात लावू नका, हलेल."

त्यांनी हात पाठीमागे बांधले, दुसऱ्या डोळ्यावर पदराचं टोक धरायला पुन्हा एक हात सोडवला, आणि वाकून डोळा लावला. मी कडी जराशी फिरवली. "आला," त्या म्हणाल्या.

मग त्या हलल्याच नाहीत. माझ्या हातात तार होती. फोटो काढायचा तर त्यांना उठवायची काही गरज नव्हती, नुसता अंगठा दाबला की झालं. पण त्या प्रकारच्या कॅमेऱ्यात खटका दाबला की आतला आरसा वर उडतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे काळोख होतो. भर उन्हात ते जाणवतही नाही. तसल्या अंधुक उजेडात मात्र खटका जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, म्हणून तो काळोख चांगला ठळक असतो, आणि एका फोटोवर माझ्यासारखीचं भागत नाही. मी अंगठा तारेवर ठेवला आणि सासूबाईंकडे बघितलं. पदराचं टोक सुटून खाली आलं होतं. दोन्ही हात कधीतरी जोडले गेले होते. प्रत्येक मागणीला त्या पुटपुटत होत्या, "होय महाराजा." बायकांनी ते म्हणायचं नसतं.

मी तार सोडून दिली. गाऱ्हाणं संपलं, ढोल वाजले, माणसं हलली आणि सासऱ्यांनी पाठ फिरवली. तेव्हा त्या ताठ झाल्या.

"आई, फोटो नाही काढला," मी म्हटलं.

"नसंल काडला," त्या म्हणाल्या, आणि उतारावर चालू लागल्या.

दिरांच्या मित्राचे फोटो नंतर मुंबईहून आले. धोतर, पाठ, कुणाचा तरी कान, आणि उजवीकडे अर्धा वळलेला एक काळा डाग, म्हणजे आमचे दीर. त्यांनी त्याला चौकट करून घेतली. देवळातही एक दिला. तो अजून तिथे आहे, आणि लोक विचारतात की हा खांब कसला.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी पुरुषमंडळी घरी आली तेव्हा आम्ही दोघी चुलीपुढे होतो, जशा रोज असायचो. पाट मांडले, पानं वाढली. दीर मित्राला सांगत होते की लेन्स कशी निवडावी लागते. सासऱ्यांचं तोंड नेहमीचं होतं, बंद. त्यांनी सुक्या माशाचं कालवण चाखलं, नाक मुरडलं आणि ताट पुढे सरकवलं. सासूबाईंनी भात वाढला. तांब्या आपटला. त्यांनी पाणी ओतलं. पण ओतून त्या नेहमीसारख्या मागे सरल्या नाहीत. तिथेच ओणव्या राहून त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काही हरवलेलं सापडतंय का, असं बघत होत्या. सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. परत तांब्या सरकवला.

सासूबाई आत आल्या, चुलीपाशी बसल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी विस्तव सारखा केला.

"आई, पुढच्या वर्षी काढू या फोटो," मी उगीचच म्हटलं. "गाऱ्हाणं नाही घातलं, तरी उभे राहतीलच ना पालखीपुढे."

"नगो," त्या म्हणाल्या. "त्यो मानूस आपल्या घरात कदी आलाच नाय गो. त्याचा फोटू पेटीत ठेवून मी काय करू?"